इटालियन जेवणापायी दोनशे क्रेट सीताफळं

तिसऱ्या इटालियन हॉटेलकडे आमची गाडी निघाली तेव्हा प्लांटवर दोनशे क्रेट सीताफळं पिकत पडली होती. बुधवारची सकाळ होती. मांजरसुंब्याहून संभाजीनगरला जायलाच तीन तास लागतात. माझ्या शेजारी लुका साहेब बसले होते. ते आमचं मशीन चालू करून द्यायला इटलीहून आले होते, आणि दोन दिवसांत त्यांनी मशीनपेक्षा मेनूकार्डंच जास्त बघितली होती.

मी इरफान, गेवराईचा. आमच्या अब्बांचा स्टँडसमोर फळांचा गाडा होता. मी डिप्लोमा करून मशीनच्या लाइनला लागलो. त्या वर्षी मांजरसुंब्याजवळच्या एका नव्या पल्प प्लांटवर मेंटेनन्स इंजिनिअर होतो. पल्प म्हणजे साल आणि बिया काढलेला गर. तो गोठवायचा आणि आइस्क्रीमवाल्यांना द्यायचा. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही, तोटा होता तो फक्त मशीनचा. तेही आलं. आता अडेल असं काही राहिलं नव्हतं, असं मला वाटत होतं.

मशीन समजायला सोपं आहे. आत एक गोल जाळी असते, तिच्यावरून रबराच्या पट्ट्या फिरतात. गर जाळीतून खाली पडतो, बिया पुढं सरकतात. पट्टी आणि जाळी यांच्यात जी फट असते तिला आम्ही गॅप म्हणतो. गॅप जास्त झाला तर गर वाया जातो. कमी झाला तर बी फुटते, आणि सीताफळाची बी फुटली की सगळा पल्प कडू. आमच्याकडं बाया ही बी वाटून उवा मारायला डोक्याला लावतात, तीही डोळे जपून. असली चीज आइस्क्रीममध्ये जाऊन कशी चालेल? म्हणून तो गॅप मशीनच्या कंपनीच्याच माणसानं लावायचा असा नियम होता. पॅनलचा पासवर्डही लुका साहेबांकडेच होता. काम दीड दिवसाचं होतं. ते सोमवारी सकाळी आले, गुरुवारी सकाळी जाणार होते. हिशोबानं बख्खळ वेळ होता.

आता फळाचं घड्याळ सांगतो. रविवारी तोडलेलं सीताफळ बुधवारी सकाळी बरोबर मऊ होतं. बुधवारी संध्याकाळी ते हातातून निसटायला लागतं. गुरुवारी काळं. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायची सोय नाही, थंडीनं साल काळी पडते आणि फळ धड पिकतही नाही. म्हणजे मशीन बुधवारी सकाळी चालायलाच पाहिजे होतं. हे मला पाठ होतं, कारण लहानपणी अब्बा मला उरलेल्या फळांवर अंगठा ठेवायला लावून विचारायचे, बोल, आजचं की उद्याचं?

ही फळं आणली होती कौसाबाईंनी. वर डोंगरातल्या वाडीतला बायकांचा गट त्या चालवतात. दरवर्षी एक व्यापारी टेम्पो घेऊन रस्त्यावर यायचा आणि त्यांचा माल उचलायचा. या वर्षी मी दोनदा वाडीवर जाऊन सांगितलं होतं की सगळा माल प्लांट घेईल, टेम्पोला माल देऊ नका. सोमवारी क्रेट उतरवून झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"इरफानभाऊ, तुमच्या शब्दावर टेम्पो माघारी लावलाय. त्यो आता पुन्यांदा यायचा न्हाई."

"काळजी नका करू मावशी," मी म्हणालो.

खरेदीदार कंपनीनं साफ सांगितलं होतं की पहिल्या लॉटचा पल्प पांढराशुभ्र आला तर पुढच्या सगळ्या सीझनची ऑर्डर, नाहीतर राम राम. डोंगरावर अजून तीन-चार तोडे बाकी होते. सगळं त्या पहिल्या लॉटवर अडकलं होतं.

सोमवारी दुपारी लुका साहेबांनी मशीन उघडलं. तेवढ्यात आमच्या चेअरमनच्या घरून डबा आला. चेअरमनना सगळे अण्णा म्हणतात. तालुक्यात वजन असलेला माणूस, आणि खोटं कशाला बोलू, मनानं मोठा. डब्यात मटणाचा रस्सा होता, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, दही. साहेबांनी अर्धी भाकरी दह्याबरोबर खाल्ली, रश्श्याला हात लावला नाही, आणि "पुरे, छान होतं," असं इंग्लिशमधून म्हणून पुन्हा पाना हातात घेतला.

झालं! रिकामा न झालेला डबा घरी गेला आणि अण्णांचा फोन आला.

"आरं इरफान, पाव्हना उपाशी हाय."

मी म्हणालो, अण्णा, त्यांनी खाल्लंय, अजून नको म्हणाले. व्हिजिटर फॉर्ममध्ये जेवणाच्या रकान्यातही त्यांनी काही विशेष नको असंच लिहिलंय. अण्णा हसले. पाहुणा कधी तोंडानं मागतो का, नको तर तो म्हणणारच, ओळखायचं आपण असतं, असं त्यांचं म्हणणं.

यात अण्णांचं काही चुकलं असं मला त्या वेळी वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. आमच्याकडं नको म्हणजे नको नसतंच. पहिलं नको लाजेचं, दुसरं रिवाजाचं, तिसऱ्या नकोनंतर ताटात पोळी पडते. आमच्या अम्मीनं तर तीन नको ऐकल्याशिवाय कुणाला दारातून सोडलेलं मला आठवत नाही. आग्रह केला नाही तर पाहुणा बाहेर जाऊन सांगतो की त्यांच्याकडं गेलतो, पण धड विचारलंसुद्धा नाही. त्यामुळं लुका साहेब नको म्हणाले, ते आम्ही मोजलं. ऐकलं नाही.

सोमवारी चार वाजताच अण्णा गाडी घेऊन आले आणि साहेबांना बीडला घेऊन गेले. तिथल्या एका फॅमिली हॉटेलात पिझ्झा मिळतो. मीही बरोबर होतो. पिझ्झ्याचा पाव गोड होता, वर सिमला मिरची, कॉर्न आणि बोटभर चीज. साहेबांनी एक तुकडा खाल्ला आणि हात पुसले. अण्णा माझ्या कानात म्हणाले, बघ, ह्यो पिझ्झा त्यांच्यातला अस्सल नसंल. मशीन तसंच उघडं राहिलं.

मंगळवारी सकाळी साहेबांनी जाळी बसवली. दुपारी अण्णा पुन्हा हजर. मांजरसुंब्याच्या चौकात एका ढाबेवाल्यानं नवीन पाटी लावली होती, पंजाबी, चायनीज, इटालियन. साहेब म्हणाले की काम चालू आहे, नको. हे पहिलं. अण्णा म्हणाले, पाचच मिनिटं. साहेब म्हणाले, खरंच गरज नाही. हे दुसरं. मग मीच, होय मीच, म्हणालो, सर, प्लीज. साहेबांनी पाना खाली ठेवला.

ढाब्यावरचा पास्ता शेवग्याच्या आमटीसारखा तांबडा होता, वरून जिऱ्या-मोहरीची फोडणी. ढाबेवाला आनंदानं वेडा झाला होता, इटलीचा माणूस त्याच्या दारात आला होता. त्यानं फेटा मागवला, शाल मागवली, नारळ मागवला. ओळखीच्या चार माणसांना फोटोसाठी बोलावलं, त्यांच्यासाठी थांबणं आलं. अडीच तास गेले. साहेब फेटा बांधून हसत बसले होते आणि मी घड्याळ बघत होतो. त्यांनी चार घास खाल्ले. चार घासांचा अर्थ अण्णांनी आपल्या परीनं लावला.

परत येऊन साहेबांनी पट्ट्या बसवल्या, गॅप लावायचा तेवढा राहिला. संध्याकाळी मी एका फळावर अंगठा ठेवला. किंचित आत गेला. मी अण्णांना फोन करून सांगितलं की उद्या सकाळी सेटिंग झालंच पाहिजे, फळ थांबणार नाही. ते म्हणाले, व्हईल रे. उपाशी मानसाकडून काम घ्यायचं म्हंजी पाप लागतंय.

बुधवारी सकाळी आठला गाडी दारात उभी होती. संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात अस्सल इटालियन मिळतं असा अण्णांना शोध लागला होता. त्यांना स्वतःला मीटिंग होती, म्हणून साहेबांना मी न्यायचं. मी काय करायला पाहिजे होतं? गाडीच्या आडवं झोपायला पाहिजे होतं. मी गेलो आणि साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नको, मशीन. मी पुन्हा विचारलं, कारण चेअरमनचा निरोप होता. ते म्हणाले, नको. मी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं असेल तर जाऊ. मी मनात म्हणालो, बघा, तिसऱ्याला हो म्हणाले. माझ्यासारखा गाढव मीच.

जेवण साडेबाराला सुरू होत होतं. आम्ही अकराला पोचून लॉबीत बसून राहिलो. जेवण चांगलं असावं. मला काही कळलं नाही, माझा जीव सीताफळात अडकला होता. साहेबांनी अर्धी प्लेट खाल्ली आणि शेफला थँक्यू म्हणाले. दीडला निघालो. गेवराईच्या अलीकडं गाड्या थांबल्या होत्या. वाळूच्या ट्रकवरून गावकऱ्यांचा रास्ता रोको होता. माझ्याच तालुक्यात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मी दोन तास बसून राहिलो. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

तिथं, काहीतरी बोलायचं म्हणून, मी साहेबांना विचारलं की इटलीत तुम्ही रोज काय खाता.

"दुपारी थोडं, संध्याकाळी सूप," ते म्हणाले. "कामावर असताना मी कमीच खातो. पहिल्या दिवसाचं दही आणि तो ब्रेड, ते मला फार आवडलं होतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं," ते म्हणाले. "रोज सांगितलं. मला वाटलं तुमच्याकडं तशी पद्धत असेल. मशीन सुरू व्हायच्या आधी पाहुण्याला जेवायला फिरवायचं. नाही म्हटलं तर तुमचा अपमान होईल."

आम्ही त्यांचा मान राखत होतो, ते आमचा. दोघं मिळून आम्ही त्या बायांची फळं कुजवत होतो.

प्लांटवर पोचायला साडेसहा वाजले. साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही. बघा, या वेळी मात्र कुणी आग्रह केला नाही. दीड तासात त्यांनी गॅप लावला, उरलेलं काम तेवढंच होतं. मी क्रेट उघडले. अंगठा ठेवायची गरजच पडली नाही, फळ उचलताना देठ हातात येत होता. मशीन चालू झालं. एकही बी फुटली नाही, इतकं सुंदर चाललं. खाली पडत होता तो तपकिरी, आंबूस वासाचा गर. साहेबांनी बोटावर घेऊन चाखला.

"मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. "फळाला उशीर झाला."

गुरुवारी ते गेले. सँपल फेल झालं. खरेदीदारानं एका ओळीत ऑर्डर रद्द केली. अण्णांनी बायांना त्या लॉटचे पैसे लगेच दिले, तिथं त्यांनी काही कमी केलं नाही. पण प्लांटला त्या सीझनसाठी कुलूप लागलं. मी व्यापाऱ्याला फोन केला, हातापाया पडलो. तो म्हणाला, मला माघारी लावताना विचार करायचा होता. डोंगरावरचे पुढचे सगळे तोडे झाडावरच पिकले आणि झाडाखालीच पडले.

मला लाज वाटत होती, तरी मी वाडीवर गेलो. कौसाबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, इटालियन हॉटेलांसकट. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "कशापायी त्याला एवढं जेवाया घालीत व्हता? नको म्हनत व्हता ना त्यो?"

ओट्यावर सांडलेले दोन दाणे मी उचलून तुरीत टाकले.

"च्या घेता का?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. सवयीनं. याआधी दोनदा त्या घरी आलो होतो, दोन्ही वेळा नको म्हणालो होतो, आणि दोन्ही वेळा शेळीच्या दुधाचा चहा पिऊनच उठलो होतो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या.

मी उठलो आणि मोटरसायकल काढली.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. बाहेरून कुणी इंजिनिअर आला तर जेवणाचं मी एकदाच विचारतो आणि तो जे सांगेल ते लिहून घेतो. लोक म्हणतात, इरफान साहेब लई कोरडे आहेत. असू द्या. पण मला मात्र कुणी चहाला एकदाच विचारलं, की अजूनही कौसाबाईंचं ते 'बरं' ऐकू येतं.