चाळिसाव्या पानातली पट्टी

माझ्या सख्ख्या बहिणीलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

मी ब्लाऊज शिवते आणि पुस्तकं वाचते. पेठेतल्या वाचनालयात महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही दहा-बारा जणी जमतो, नुकत्याच संपवलेल्या पुस्तकाबद्दल बोलतो. माझी तिथं एक ख्याती आहे — कितीही रटाळ असो, मी पुस्तक अर्धवट सोडत नाही. परवाच एक जाडजूड कादंबरी संपवली. निम्मी उगाच लिहिलीय, असं स्पष्ट सांगितलं. पण संपवली की.

देसाई मॅडम आमच्यात सगळ्यांत शिकलेल्या, कॉलेजात शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी मी एका पुस्तकावर बोलत होते. सोलापुरात पंचवीस वर्षं काढली, तरी मंद्रूप गावची मी — 'न्हाय' येतंच तोंडात. मॅडमनी माझं वाक्य माझ्याच हेलात म्हणून दाखवलं. सगळ्या हसल्या. मीही हसले — दुसरं काय करणार होते? पण मनात डूख धरला तो धरलाच.

मग मॅडमनी स्वतःचं कथांचं पुस्तक काढलं. पहिली प्रत मला आणून दिली. म्हणाल्या, तुझ्याच मताची धाकधूक आहे.

मी ते दोन दिवसांत वाचलं. लगेच पुन्हा वाचलं. शेवटची कथा एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती — आणि भरल्या बैठकीत तिच्या बोलण्याची टर उडवून पुढं जन्मभर लाजणाऱ्या दुसरीची. माफीच होती ती, छापून मागितलेली. इतकं सुंदर लिहिलं होतं की मी रडले. आणि मग काय केलं? डोळे पुसले, अस्तराची एक पट्टी कापली आणि चाळिसाव्या पानात घातली.

शनिवारी पुस्तक सगळ्यांसमोर ठेवलं, पट्टी दिसेल असं. म्हटलं, मॅडम, चाळीस पानांपुढं मला जाववलंच नाही. जिनं कधी पुस्तक टाकलं नाही तिनं हे टाकलं — याहून वाईट मत कुठलं? मॅडमचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — लई बरं वाटलं. अजून त्या शनिवारची आठवण झाली की जेवण गोड लागतं.

मॅडमनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. आता त्यांना दिसतंही कमी. गेल्या महिन्यात ब्लाऊजचं माप द्यायला आल्या होत्या. मी खांद्यावर टेप धरला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "शेवटची कथा तरी वाचलीस का गं?"

पुस्तक मशीनच्या खणात होतं, हातभर अंतरावर. ती कथा मला पाठ आहे.

"न्हाय," मी म्हणाले, आणि बाहीचं माप घेतलं.