चांदीचा चीक

वहिनींनी फ्रीजरमधली बाटली काढून कोमट पाण्यात ठेवली. चांदी गाय मागच्या हिवाळ्यात व्याली आणि चार दिवसांत गेली. तिचा जास्तीचा चीक वहिनींनी गोठवून ठेवला होता. आज तांबू व्याली, पण तिला पान्हाच फुटेना.

"पहिला चीक पोटात गेला नाही, तर वासरू पहिल्याच आजारात जातं, भावजी," म्हणत त्यांनी बाटली माझ्याकडे दिली. ती जिवंत अंगाइतकी उबदार होती. चांदीने आयुष्यभर सोसलेल्या आजारांची ओळख आता या परक्या वासरात घोटाघोटाने उतरत होती.

तांबूने वासराचं तोंड हुंगलं आणि ती थबकली. मग चांदीच्या रिकाम्या खुंट्याकडे बघून हळूच हंबरली. वासराचे कानही तिकडेच टवकारले होते.