बाबा सौद्यातून उठून गेले

जुनी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी बाबांना मुद्दाम बरोबर घेतलं. गाडी त्यांच्यासाठीच होती, गुडघ्यांमुळे एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. मुंबईचा भाऊ फोनवर सारखा म्हणायचा, "बाबा विसरायला लागलेत, डॉक्टरांना दाखव." मला त्याचा संताप यायचा. वर्षाकाठी गणपतीत चार दिवस येणाऱ्यानं मला बाबा समजावून सांगायचे? डीलरशी सौदा करणारे बाबा एकदा बघितले की माझी खात्री पटेल आणि त्याचं तोंड बंद होईल, असं मी ठरवून टाकलं होतं.

कारण घासाघीस करावी तर बाबांनीच. आम्ही दापोलीला राहायचो तेव्हा हर्ण्याला मासे घ्यायला ते मला घेऊन जायचे. भाव ऐकायचा आणि एक अक्षर न बोलता चालू लागायचं, ही त्यांची पद्धत. मागे वळून बघायचं नाही. मी वळून बघायची आणि ओरडा खायची. दहा पावलांत कोळणीची हाक यायचीच.

रत्नागिरीत स्टँडजवळच त्या डीलरचं ऑफिस होतं. बाबांनी सुरुवात झकास केली. खालचं मॅटिंग उचलायला लावलं, पत्र्यावरून बोट फिरवलं.

"गंजलाय हो पत्रा. समुद्राजवळची गाडी दिसत्ये."

डीलर वरमला. मी मनातल्या मनात भावाला टोला हाणला.

आत बसल्यावर बाबांनी विचारलं, "किती म्हणालात?" डीलरनं आकडा सांगितला. चहा आला. बाबांनी पुन्हा विचारलं, "किती म्हणालात?" डीलर हसला आणि थोडा खाली आला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आणखी खाली आला. मी खूश. समोरच्याला कसं दमवावं ते बाबांकडून शिकावं, असंच मला वाटत होतं.

मग ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि एक अक्षर न बोलता निघून गेले.

"काका पक्के आहेत," डीलर म्हणाला.

"आता हाक मारल्याशिवाय यायचे नाहीत," मी ऐटीत म्हटलं.

वीस मिनिटं मी तिथे बसून राहिले. त्यांच्या जाण्याचा धाक घालून भाव पाडत राहिले. शेवटी आमच्या मनातल्या आकड्यावर तो आला. मी बाबांना आणायला बाहेर गेले, तर रस्त्यावर बाबा नव्हते. टपरीवर नव्हते, फोन उचलत नव्हते. रस्ता ओलांडून मी स्टँडकडे धावले.

ते स्टँडवर सापडले. गाड्यांच्या पाट्या वाचत इकडून तिकडे फिरत होते, शर्ट घामानं भिजला होता. मला बघून घाईघाईनं पुढे आले.

"अहो बाई, दापोलीची गाडी लागली का हो? पोरगी शाळेतून येईल. घराला कुलूप आहे."

तोंडातून नुसतं निघालं, "कितवीत आहे?"

"चौथीत. महाहट्टी. मी दिसेपर्यंत पायरीवरून हलायची नाही."

रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला, माझाच. घरी महिनोन् महिने ते एकच गोष्ट तीनतीनदा विचारत होते आणि मी त्याला त्यांची खोड म्हणत होते. भाऊ सांगत होता तेव्हा त्याच्यावर तोंड टाकत होते. आणि त्या चौथीतल्या मुलीचा मला हेवा वाटला, हेही खरंच. त्यांच्या लेखी मुलगी होती ती तीच.

मी त्यांना बाकाकडे नेलं. ते बसेनात, पुन्हापुन्हा फलाटाकडे वळत होते.

"तिला शेजारच्या काकूंनी घरात घेतलंय," मी म्हटलं. "जेवलीसुद्धा."

"नक्की?"

"नक्की. मीच बघून आले."

तेव्हा कुठे ते बाकावर टेकले.