परातीतला बर्फ

दुपारी पंखा बंद करून मी चटईवर आडवा होतो. उशाशी पाण्याने भरलेली परात आहे आणि पाण्यावर थर्माकोलचे तुकडे. शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मी बर्फाळ समुद्र केला आहे. वर्ध्याच्या या मुलांनी साधा समुद्रही पाहिलेला नाही. काल परातीच्या कडेला टिचकी मारली, तर लाट तुकड्यांत शिरून नाहीशी झाली.

"मेली लाट, आजोबा," त्या मुलांतली ओवी म्हणाली.

डोळे जडावतात. परातीची कड लांब लांब जाते.

पलीकडे केतकी बसली आहे. माझी मुलगी. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात जहाजावर रडार चालवायची. परतल्यावर आजारपणात गेली. अंगात जहाजावरचा तो जाड कोट आणि पायात घरातल्या स्लिपर.

"बाबा, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल अजून संपला नाही?"

ओठ हलतात, शब्द कळतात, पण आवाज येत नाही.

"केतू, तुझा आवाज आठवेनासा झालाय मला."

"इकडे या."

आम्ही जहाजाच्या केबिनमध्ये उभे आहोत. भिंतीवर माझ्या शाळेचा फळा आहे आणि फळ्यावर रडारचं चित्र. उजळ पट्टा, काळा पट्टा, पुन्हा उजळ. खिडकीबाहेर नुसता गच्च, पांढरा बर्फ.

"हे पट्टे कसले?" लहानपणी ती मला विचारायची, तसं मी विचारतो.

"खालून लाट जाते तेव्हा बर्फ उचलला जातो. त्याची जी बाजू आपल्याकडे तोंड करते, ती रडारला उजळ दिसते. पट्टे सरकतात, त्यावरून लाट मोजायची."

"पण बर्फात लाट मरते ना?"

"छोट्या मरतात, काठावरच. लांब लाट खूप आत जाते. डेकवरून बघाल तर कळणारही नाही."

"आणि तुझा आवाज?"

"तो छोट्या लाटांतला, बाबा." ती हसते. तेही ऐकू येत नाही. "तुम्ही आपले टिचक्या मारत बसता. परात एका बाजूने हळू उचलून बघा."

फळा पांढरा होत जातो.

"जेवलीस का?" मी घाईने विचारतो.

कोट खुंटीला टांगलेला आहे.

जाग येते. खोली बंद, पंखा बंद, माझे हात कोरडे. परातीतले तुकडे या काठापासून त्या काठापर्यंत सावकाश वर येतात, खाली जातात.

दारात चपला वाजतात.

"हळू या," मी म्हणतो. "परातीला कोणी हात लावू नका."