रमजानभाईंचं अठ्ठ्याण्णव

रमजानभाई संगणकाला विचारल्याशिवाय हात लावत नसत. सकाळी दुकान उघडलं की आधी मॉनिटरवरचं फुलाफुलाचं फडकं काढून त्याची घडी घालायची, मग बटण दाबायचं आणि पडद्यावर ढग उमटेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. "झाली का झोप?" असं एकदा विचारायचं. सुरुवातीची ती धून वाजली की खुर्चीत बसायचं. नाही वाजली, तर बसायचंच नाही, सरळ चहाला जायचं. "रुसलंय त्ये. रुसलेल्याची लगीच समजूत काढाय गेलं की जास्त फुगतंय." चहा पिऊन परत येईपर्यंत मशीन बहुधा चालू झालेलं असे, आणि मग ते माझ्याकडे असं बघत, की जणू पुण्यात दोन वर्षं घालवून मी जे शिकले ते सगळं फुकट गेलं होतं.

मी लग्न होऊन भोरला आले आणि एसटी स्टँडच्या रस्त्यावर संगणकाचा वर्ग काढला, तेव्हा त्यांचं दुकान शेजारी होतं. मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. तिकडचा शब्दन् शब्द इकडे ऐकू यायचा. रमजानभाई लग्नपत्रिका छापत. वीस वर्षं त्यांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पत्रिका केल्या होत्या आणि पन्नाशीला आल्यावर छपाईचं ट्रेडल मशीन विकून संगणक घेतला होता. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव होतं. 'विंडोज' हा शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यातच गाळला. घरातल्या माणसाला कोणी आडनावाने हाक मारत नाही, तसं ते नुसतं 'अठ्ठ्याण्णव' म्हणत.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत पत्रिका म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वरवधूंची नावं असतात चार ओळींत. बाकी सगळी भावकी. कोण वर, कोण खाली, कोणाच्या नावापुढे माजी सरपंच, कोणाच्या मागे कैलासवासी. एखादा चुलता राहिला तर तो मांडवात येत नाही आणि नाव बारीक आलं तर येतो, पण जेवत नाही. "भावकी जेवान न्हाई बघत, अक्षरं मोजती," असं रमजानभाई म्हणत. गणपतीची तीसेक चित्रं त्यांच्याकडे होती आणि कोणत्या घराला कोणता शोभेल, हे तेच ठरवत. त्यावर कधी कोणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा नाकाने कांदे सोलणारी बाई होते. त्यांच्या मशीनचं दुखणं मला भिंतीपलीकडून ऐकवत नसे. प्रिंटर अडकला की ते कागदांची चळत काढून, हलवून, पुन्हा ठेवत. माऊस अडखळला की त्याच्या पोटातली गोळी काढून नखाने मळ खरवडत. मशीन गोठलं की तीन बटणं एकदम दाबत, त्याला त्यांनी 'तीन बोटांचा उतारा' असं नाव दिलं होतं. लाईट जाऊन आली की अठ्ठ्याण्णव निळ्या पडद्यावर स्वतःची सगळी डिस्क तपासत बसे. मी म्हणे, वेळ जातो, ते मधेच थांबवा. त्यावर ते म्हणत, "आपण नीट निरोप दिला न्हाई, आता त्ये समदं घर तपासतंय. तपासू द्या की." त्यांचा एकच नियम होता, तो त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवला असेल: "आधी इचारायचं, मग दाबायचं."

एकदा वेल्ह्याकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले होते. नावं चालू असताना मशीनने इंग्रजीत पाटी दाखवली, की या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृत्य केलं आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे. अशा पाट्या त्या काळी दिवसाला चार येत. गृहस्थांना इंग्रजी वाचता येत होतं आणि ते वाचून त्यांचा चेहरा उतरला. रमजानभाईंनी पाटीकडे पाहिलं, गृहस्थांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पोरगी कितवीला हाये वो?" दहावीला होती. "मशीन बेकायदा म्हणतंय. आता म्या काय करू?" गृहस्थ उठून गेले. ते परत आले ते तीन वर्षांनी, त्याच मुलीची पत्रिका करायला. त्या दिवशी मी भिंतीआड पोट धरून हसले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला पाटीचा अर्थच कळला नाही.

विंडोजचं नवं एक्सपी आलं तेव्हा मी त्यांच्या मागेच लागले. ते गोठत नाही, पाट्या दाखवत नाही, आपणहून सगळं सांभाळतं, असं रोज सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावयासारकं दिसतंय. कपडे चांगले, पण घरात काय काम करंल ह्ये आदी बगाया पायजे." मग मी लिनक्सची सीडी आणली. ते फुकट असतं म्हटल्यावर त्यांना संशय आला. मालक कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी एक नाही, सगळ्यांचंच. "म्हंजी गायरान," ते म्हणाले. "गायरानात जनावर हरावलं तर कुणाला इचारायचं?" शिवाय त्यात त्यांचे मराठी फाँटही चालले नाहीत, म्हणून लिनक्स त्याच संध्याकाळी संपलं. एक्सपीचा नाद मात्र मी सोडला नाही. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "आकाडात करा काय करायचं त्ये. तवा लग्नं नसत्यात."

ही माझ्यासाठी पडत्या फळाची आज्ञा. आषाढातल्या एका शुक्रवारी ते दुपारच्या नमाजाला गेले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांच्या फाइली सीडीवर उतरवून घेतल्या. मग पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची बादली उघडली, तर आत सातशेच्या वर फाइली. हा माणूस कचरासुद्धा टाकत नाही, असं मनाशी म्हणत मी बादली रिकामी केली. मशीनने विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. मग सगळी डिस्क पुसून एक्सपी घातलं.

परत आल्यावर त्यांनी पडद्यावरचं हिरवं कुरण आणि निळं आभाळ बराच वेळ पाहिलं. "रायरेश्वराचं पठार दिसतंय," ते खूश होऊन म्हणाले. नंतर त्यांनी बादली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "मॅडम, ह्यातलं कुठं गेलं?"

लग्न लागलं की पत्रिकेचं काम संपलं, पण पत्रिका काही टाकून देता येत नाही आणि समोरही नको असते, म्हणून ते ती बादलीत ठेवत. पाठचं भावंड लग्नाला आलं की बादलीतून वर काढायची, नाव बदलायचं, मधल्या काळात गेलेल्यांना कैलासवासी करायचं. सारोळ्यापासून राजगडाखालच्या पालीपर्यंतची सगळी घरं त्या बादलीत होती. अशी वस्तू कोणी तिथे ठेवतं का, असं मी म्हणणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते राहू दिलं. मी पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली, आता काही निघायचं नाही. रमजानभाई मला रागावले नाहीत. त्यांनी दोन चहा मागवले आणि त्यातला एक माझ्यापुढे सरकवला.

नेमकं त्याच उन्हाळ्यात हायवेला सारोळ्याजवळ नवं दुकान झालं होतं. रंगीत छपाई, तासाभरात पत्रिका हातात. तरी लोक रमजानभाईंकडे येत, ते एवढ्यासाठीच की तिथे आपली भावकी आयती लिहिलेली असते आणि चुकत नाही. ती गेल्यावर मागे राहिला तो दोन बोटांनी टाईप करणारा एक म्हातारा. माझ्यामुळे त्यांचं दुकान बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग मी रविवारी एसटीने गावोगाव हिंडू लागले. घरोघरी दाराआड तारेला पत्रिका खोचून ठेवलेल्या असतात, त्या मागून आणायच्या. पालीत लोक राजगड चढायला येतात, मी जुन्या पत्रिका मागत फिरत होते. एका आजीला मी जनगणनेची बाई वाटले आणि तिने घरातली माणसं, म्हशी, सगळं मोजून सांगितलं. दिवाळीपर्यंत पिशवीभर पत्रिका जमल्या. रमजानभाईंनी पिशवी घेतली, "लई पायपीट केली," म्हणाले आणि ती कपाटावर ठेवून दिली.

तुळशीची लग्नं झाली आणि भोंगवलीचे आबा आले. धाकट्या मुलाचं लग्न होतं. ते नेहमीप्रमाणे उभ्याउभ्याच म्हणाले, मागच्यासारखीच करा, फक्त पोराचं नाव आणि तारीख बदला. भिंतीपलीकडे माझे कान टवकारले.

"आबा, जुनं समदं गेलं," रमजानभाईंचा आवाज आला. "माझ्या हातनं गेलं."

मला बसवेना. मी उठून तिकडे गेले आणि आबांना सांगितलं, की त्यांच्या नाही, माझ्या हातून गेलं. आबा एकदा माझ्याकडे, एकदा मशीनकडे बघू लागले. मग आता सारोळ्यालाच टाकावी लागंल, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी टोपी सारखी केली. रमजानभाईंनी त्यांना हाताने बसवलं आणि टाईप करायला सुरुवात केली. आबांचे आजे, कैलासवासी. मोठी आत्या आणि तिचे मालक, गाव नसरापूर. चार चुलते वयाच्या क्रमाने. आबांनी एकही नाव सांगितलं नाही, ते नुसती मान हलवत होते. समोर कागद नव्हता, पत्रिका नव्हती. चाळीस नावं, मानपानासकट. मी कपाटावरच्या माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली.

मग एका जागी त्यांची बोटं थांबली. "आबा, दत्तूभाऊंचं नाव कुठं घेऊ? मागच्या बारीला कुठं हुतं, त्ये काय आठवंना. मशीनमधनं बी गेलं."

दत्तूभाऊ म्हणजे आबांचे पाठचे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं होतं आणि मागच्या पत्रिकेत त्यांचं नाव कुठेच नव्हतं. ते आबांनीच काढायला लावलं होतं. ही गोष्ट तालुक्यात ज्याला माहीत नाही, असा माणूस सापडला नसता. आबा पडद्याकडे बघत राहिले. जुनी पत्रिका घरी असेल, असं ते म्हणाले. मग ती आणाया उद्या परत यावं लागंल, असं रमजानभाई म्हणाले, आणि त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"माझ्या खाली घ्या," आबा शेवटी म्हणाले.

"अक्षर?"

"माझ्याएवढंच."

आबा गेल्यावर मी रमजानभाईंना धारेवर धरलं. एवढं सगळं पाठ होतं, तर मशीनमध्ये कशाला ठेवत होता? मला दारोदार का हिंडवलं? ते हसले. म्हणाले, नवीन सून हाये, तेवढाच तालुका बघून झाला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नावं पाठ असली की भांडणं बी पाठ असत्यात, मॅडम. कुणीतरी इसराया पायजे. माणूस इसरला तर अपमान हुतो. मशीन इसरलं तर बिघाड." आणि एक्सपीकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्ये तुमचं लई शहाणं. गोठत न्हाई, काय गमवत न्हाई. भावकीच्या कामाला ह्ये चालायचं न्हाई. माझं अठ्ठ्याण्णव परत घाला."

दहावीच्या मुलीचा बाप मला तेव्हा आठवला. पाटीचा अर्थ मला कळला नव्हता, त्यांना कळला होता. मी त्याच दुपारी एक्सपी काढून अठ्ठ्याण्णव घातलं. नवं काढून जुनं घालायची वेळ माझ्यावर आयुष्यात तेवढ्या एकदाच आली, आणि या वेळी दर बटण मी त्यांना विचारून दाबलं. पुढे सहा वर्षं ते मशीन गोठत राहिलं, पाट्या दाखवत राहिलं, आणि पलीकडून "मशीननं घोळ घातला वो, पुन्हा एकदा सांगा" हे वाक्य आलं की मी वर्गात पोरांना गप्प बसवून ऐकत राहायचे. गाळलेलं नाव दर वेळी परत येत नसे. पण कधीकधी येत असे.

रमजानभाई एका उन्हाळ्यात, पत्रिकांच्या ऐन घाईत गेले. झोपेतच. पुरुषमाणसं त्यांना घेऊन निघाली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि उघड उघड रडत होते. गर्दीतून वाट काढत एक मोटारसायकल आली. पुढे दत्तूभाऊ होते, आणि त्यांच्या खांद्याला धरून मागे आबा.