अमावास्येला पाहिलेली रत्नागिरी

केवळ शहर पाहण्यात घालवलेला असा दिवस माझ्या आयुष्यात एकच आहे, आणि तोही मी योजलेला नव्हता. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. देवरूखच्या पलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. आमच्या बाजूला ‘शहर’ या शब्दाचा अर्थ रत्नागिरी असा होता. मुंबई ही नोकरीची जागा. तिथे माणसे जात, पैसे पाठवीत आणि शिमग्याला परत येत. तिला कुणी शहर म्हणत नसे, नुसते मुंबई म्हणत. रत्नागिरीला मात्र कचेरी, इस्पितळ, कोर्ट आणि समुद्र होता. कामानिमित्त मीही तिथे दोन-तीनदा जाऊन आलो होतो. पण कचेरी आणि एस.टी.चा स्टँड यांपलीकडे माझी पावले वळली नव्हती.

माझी पत्नी विषमज्वराने गेली त्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. मूलबाळ नव्हते. शाळा सुटल्यावर घरी येऊन चूल पेटवावी, भात टाकावा, वह्या तपासाव्यात आणि निजावे, असा क्रम बसून गेला होता, आणि या क्रमालाच मी स्वास्थ्य समजत होतो. माझ्या मामांना ते पटत नव्हते. रत्नागिरीतल्या आपल्या एका जुन्या स्नेह्यांमार्फत त्यांनी स्थळ काढले. मुलगी तिशीची, वडील नसलेली, थोरल्या भावाकडे राहणारी, आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका. पत्रिका पाहून झाल्या, जमल्या. मला फक्त एक दिवस जाऊन मुलगी पाहून यायचे होते. मी होकार दिला तो मामांचा शब्द मोडवेना म्हणून. मला स्वतःला लग्न हवे होते का, या प्रश्नाचे उत्तर मी त्या सकाळी गाडीत बसेपर्यंत शोधले नव्हते.

दिवस मी निवडला, आणि माझ्या पद्धतीप्रमाणे काळजीपूर्वक निवडला. शाळेच्या सुट्ट्या पाहिल्या, गाड्यांचे वेळापत्रक पाहिले, कोट परटाकडून आदल्या दिवशी आणवला. पाहिले नाही ते एक पंचांग. अमावास्या मला ठाऊक होती ती फळ्यावरच्या आकृतीतून: सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये चंद्र आला की त्याची उजेडाची बाजू आपल्याकडे राहत नाही. दिवा, लिंबू आणि नारळ घेऊन मी हा पाठ दरवर्षी घेत असे, आणि शेवटी मुलांना सांगत असे की या तिथीत भिण्यासारखे काही नाही.

स्टँडवर मामांचे स्नेही मला घ्यायला आले होते. निवृत्त कारकून, डोक्याला काळी टोपी, हातात छत्री. नमस्कार होताच त्यांनी मला बाजूला घेतले.

“मास्तर, हे केलंत काय? आज अवस आहे.”

ते पुढे म्हणाले, “तुमचा निरोप आला तेव्हा मीही बघितलं नाही, माझंही चुकलं. पण त्यांच्याकडे बघितलं. चारच्या सुमारास तिथी उलटते. त्याआधी मुलगी दाखवायची नाहीत ती माणसं.”

वस्तुस्थिती अशी होती की चारपर्यंत त्या घराचा उंबरा मला चढता येत नव्हता, आणि या गृहस्थांच्या घरीही जाता येत नव्हते. कारण त्यांना स्वतःला एका नातेवाइकांकडे श्राद्धाच्या पानावर बसायचे होते, आणि श्राद्धाच्या घरी परका पाहुणा नेत नाहीत. त्यांनी मला भावाच्या घराची खूण सांगितली, चार उलटून गेल्यावर तिथेच भेटू म्हणाले, आणि छत्री उघडता उघडता म्हणाले, “तोवर गाव बघा की. रत्नागिरीत बघायला काय कमी आहे?”

अशा रीतीने मी प्रवासी झालो.

प्रथम राजवाड्याकडे गेलो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून इतक्या दूर आणून ठेवले, आणि त्याच्यासाठी हा वाडा बांधला, हे मी इतिहासाच्या तासाला सांगत आलो होतो. आत जायला परवानगी लागते असे फाटकावरच्या शिपायाने सांगितले, म्हणून बाहेरूनच पाहिला. लाल भिंती, उतरती छपरे, वरच्या मजल्यावर अर्धगोल खिडक्या. त्यांतून खाडी आणि समुद्र दिसत असणार. त्या आवारात मला एक विचित्र गोष्ट लक्षात आली. मी पाहत होतो, पण माझी मान पुन्हा पुन्हा डाव्या बाजूला वळत होती, जणू तिथे कुणी उभे आहे आणि त्याला ती खिडकी दाखवायची आहे. तिथे कुणी नव्हते. मी शिपायाला म्हणालो की छपराची घडण सुरेख आहे. तो म्हणाला, “हो, गळतं पण.”

बाराच्या सुमारास मी मांडवीच्या धक्क्यावर पोचलो. समुद्र असा समोर, इतक्या जवळ, मी प्रथमच पाहत होतो. पाणी धक्क्याच्या दगडी भिंतीला अगदी वरपर्यंत भिडले होते. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, त्यामुळे भरती मोठी येते. हे वाक्य मी इतकी वर्षे शिकवले होते, आणि आता ते वाक्य माझ्या वहाणांवर शिंतोडे उडवीत होते. मी धोतराचा सोगा सावरून मागे सरलो. जाळे विणत बसलेला एक म्हातारा खलाशी हसला. “मास्तर, अवसेचं पानी हाय. ते काय तुमास पुसून येनार नाय.” मी मास्तर आहे हे त्याला कसे कळले असावे, याचा मला अचंबा वाटला.

भिंतीवर एक गोष्ट दिसली. पाण्याच्या थोडे वर, जांभ्या दगडात, खिळ्याने ओढल्यासारख्या दोन आडव्या रेघा होत्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी एकेक अक्षर कोरलेले. होडीवाल्यांची काही खूण असेल असे समजून मी पुढे गेलो.

खाणावळीत जेवलो. वाढप्याने दारातूनच माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिले आणि विचारले, “एकच पान?” प्रश्न साधा होता. आमच्या गावात असा प्रश्न मला कुणी विचारला नसता, कारण तो विचारण्याची गरजच कुणाला नव्हती. मी एकटा आहे हे सगळे जाणत होते. हो, एकच, असे मी प्रथमच तोंडाने म्हणालो. आमटी चांगली होती. भाताला मीठ कमी पडले होते, पण मागितले नाही.

मग किल्ल्याकडे चालत निघालो. रस्ता लांब आणि चढाचा. कडेच्या आंब्यांना मोहोर होता. देवीचे दर्शन घेऊन मी तटावर गेलो. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला भूशिर म्हणतात. त्या टोकावर उभे राहिल्यावर तीन बाजूंना पाणी, एका बाजूला दीपगृह, खाली बंदरात उभी गलबते. भूगोलाचे अर्धे पुस्तक एका जागेवरून दिसत होते. आणि तिथे माझ्याकडून ते घडले. मी हात उंच करून, वर्गात बोलतो त्या आवाजात बोलू लागलो: “आता नीट पाहा. हे भूशिर. याच्या दोन्ही बाजूंना जे अर्धगोल दिसतात, ते उपसागर.” बोलता बोलता वळलो.

मागे दोन बायका ओटीचे ताट घेऊन उभ्या होत्या. धाकटी घाबरून थोरलीच्या मागे सरकली. थोरली तिला म्हणाली, “अगो, मास्तर असतील ते. चल.”

त्या गेल्यावर मी तटावर बसलो. लाज वाटली, पण लाजेपेक्षा निराळे असे काहीतरी अधिक होते. पाहण्याचे काम डोळ्यांनी पुरे होत नाही. पाहिलेले कुणाला तरी सांगावे लागते, तेव्हा ते पुरे होते. शाळेतल्या मुलांना मी हे सांगितले असते, पण ती अजून लहान होती आणि चार वर्षांनी शाळा सोडून जाणारी होती. घरी हे सांगायला कुणी नव्हते. तीन वर्षांत ही उणीव मला जाणवली नव्हती, कारण तीन वर्षांत मी सांगण्याजोगे काही पाहिलेच नव्हते. सकाळी गाडीत न शोधलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तटावर मिळाले. मला हे लग्न हवे होते. मी उठलो तेव्हा मनाशी वाक्ये जुळवीत होतो: त्या घरी काय बोलायचे, गावाचे वर्णन कसे करायचे, पावसाळ्यात ओढा किती सुंदर दिसतो ते कसे सांगायचे.

उतरून परत आलो तो मांडवीच्या वाळूतून. ओहोटी लागली होती. मघाचा समुद्र इतका मागे गेला होता की विश्वास बसू नये, आणि मागे ओली काळी वाळू पसरली होती. धक्क्याची भिंत आता पायथ्यापर्यंत उघडी पडली होती. दुपारी पाहिलेल्या दोन रेघांखाली आणखी कितीतरी रेघा होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, आणि प्रत्येकीजवळ एक अक्षर. मी थोडा वेळ त्या पाहत राहिलो. मग घराची खूण शोधीत निघालो.

दारात मुलीचे भाऊ उभे होते. मामांचे स्नेही आधीच येऊन बसले होते. माझे पाय आणि धोतराचा काठ काळ्या वाळूने भरलेला पाहून वहिनी आतून म्हणाल्या, “परसदारी पाणी काढलंय, पाय धुऊन घ्या.” मी मागे गेलो. विहिरीजवळ साधे लुगडे नेसलेली एक स्त्री तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्या पायांवर पाणी ओतायला सुरुवात केली, आणि मान वर न करता, हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली:

“तुम्ही पाहायला आलात ती मीच. आत बोलता यायचं नाही, म्हणून इथे सांगते. मला शाळा सोडायची नाही. यंदाच कायम झाले. तुमच्या गावी मुलींची शाळा नाही, मी चौकशी केली.”

मी म्हणालो, “मग तसं भावाला सांगा.”

“दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा दादा ऐकायचा नाही. तुम्ही होकार दिलात की झालं.” तांब्या रिकामा झाला होता, तिने तो पुन्हा भरला. “नकार तुमच्याकडून आला, तर माझ्यावर कुणी रागवायचं नाही. तुमच्यात काही उणं आहे म्हणून नाही हो सांगत. मी ओळखतसुद्धा नाही तुम्हाला.”

तटावर जुळवलेली वाक्ये माझ्याजवळ होती. त्यांतले एकही इथे लागू पडत नव्हते. मी विचारले, “कारण काय सांगू? पत्रिका तर जमल्या आहेत.”

तिने प्रथमच वर पाहिले. “अवसेला निघालात ना घरून? मग कारण कशाला शोधायला हवं?”

ओठांच्या कोपऱ्यात हसू होते. पाणी पायांवर न पडता बाजूला सांडत होते. मी बरे म्हणालो. तिने टॉवेल दिला आणि आत गेली.

मग रीतीप्रमाणे सर्व झाले. ती पोह्यांच्या बशा घेऊन आली, नमस्कार करून बसली, आणि आम्ही दोघे एकमेकांना प्रथमच पाहतो आहोत असे बसलो. भाऊ भले गृहस्थ होते. काही विचारायचे असेल तर संकोच करू नका म्हणाले. मी विचारले की कोणता विषय शिकवता. ती म्हणाली, चौथीला भूगोल. मी विचारले, भरती-ओहोटी मुलींना कशी समजावता.

“धक्क्यावर नेते,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. “अवसेला, पुनवेला आणि मधल्या अष्टमीला. पाणी जिथवर चढतं तिथे एकेकीनं खिळ्यानं रेघ ओढायची आणि आपलं अक्षर घालायचं. वर्षाअखेर भिंतच सांगते सगळं. मला बोलावं लागत नाही.”

त्या रेघा मी दोनदा पाहून आलो होतो. हे मी तिला सांगितले नाही. सांगितले असते, तर पुढेही बोललो असतो, आणि बोललो असतो तर तिला दिलेला शब्द माझ्याने पाळवला नसता. मी पोहे संपवले आणि निरोप घेतला.

स्टँडकडे जाताना मामांच्या स्नेह्यांनी विचारले. मी सांगितले की मुलगी उत्तम आहे, माणसे उत्तम आहेत, पण अमावास्येला घडलेले हे पहिले दर्शन माझ्या मनाला लागले आहे. एकदा संसार मोडला आहे. अपशकुनावर दुसऱ्यांदा पाऊल टाकवत नाही.

ते रस्त्यात थांबले. “अहो, पण अवसेला आलात ते तुम्हीच ना?”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

त्यांनी छत्री काखेत धरली आणि चालू लागले. मग म्हणाले की शिकलेला माणूस इतका कच्चा निघेल असे त्यांना वाटले नव्हते. पुढच्या चौकात निरोप घेऊन ते वळले. दिवेलागणीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारची जागा देवरूखपर्यंत रिकामी होती, तिच्यावर मी कोट घडी करून ठेवला.

बातमी माझ्या आधी नाही, पण माझ्या मागोमाग गावात आली. मामा महिनाभर बोलले नाहीत. त्या मुलीच्या घरी माझ्याविषयी काय म्हटले गेले ते मला कळले नाही. मात्र ती शाळेत राहिली, एवढे पुढे एका तपासणीच्या वेळी कानावर आले. दिवा, लिंबू आणि नारळ यांचा पाठ मी दरवर्षी घेत राहिलो. शेवटचे वाक्य मी तसेच म्हणत असे, आणि मोठी मुले एकमेकांकडे पाहून हसत असत.

गावातली माणसे मात्र मनाने चांगली. मी अमावास्येला जपतो हे एकदा कळल्यावर ती सगळी माझ्यासाठी जपू लागली. कोपऱ्यावरचा वाणी दर महिन्याला, मी शाळेतून परतताना, दुकानातून हाक मारून सांगत असे, “मास्तर, उद्या अवस हो.” त्याने हे वीस वर्षे सांगितले. मी दर वेळी थांबून म्हणत असे, “बरं झालं सांगितलंत,” आणि घरी येऊन चूल पेटवीत असे.