पॉम्पस माणूस बार्शीहून आला

माझे वडील सोलापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि घरी मला. त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. नवा इंग्रजी शब्द आला की शब्दकोश उघडायला बंदी. आधी गावात त्या शब्दाचं माणूस शोधायचं, ते सापडलं की मग अर्थ बघायचा. 'जेनरस' म्हणजे कोण? तर शेजारची विणकराची बायको, जी आम्हाला तेलुगूत रागवत रागवत आपली निम्मी भाजी आमच्या ताटात ओतायची. 'स्टबर्न' म्हणजे आई, असं मी म्हटलं तेव्हा आई म्हणाली, "मग आज भाकरी त्या पुस्तकालाच मागा." शब्द असा माणसाला चिकटला की मी तो जन्मात विसरत नसे.

एकाच शब्दापाशी आमचं घोडं अडलं. वडिलांनी वाचनालयातून एक जुनी, जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली होती. तिच्यातल्या एका गृहस्थाला 'पॉम्पस' म्हटलं होतं. मी म्हटलं, गर्विष्ठ. वडील म्हणाले, "गर्विष्ठ तर तालमीतला पैलवानही असतो, पण त्याच्याजवळ गर्व करण्याजोगे दंड असतात." आढ्यताखोर म्हटलं, तर म्हणाले, जवळ आलीस, पण माणूस दाखव. मी पेठेतले व्यापारी दाखवले, कचेरीतले साहेब दाखवले, कुणी चालेना. कारण पुस्तकातला तो गृहस्थ वाईट नव्हता, कुणाला लुबाडत नव्हता. आपण आहोत म्हणून जग चाललंय, एवढीच त्याची मनोमन खात्री होती. शेवटी त्या पानात पेन्सिल खुपसून आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं.

मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली आणि बार्शीचं स्थळ सांगून आलं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा वकिलीचा अभ्यास करणारा, हुंडा नको. पण लग्न याच हंगामात पाहिजे होतं, म्हणजे माझी परीक्षा बुडाली. मला ती द्यायचीच होती. घास गोड लागत नव्हता. वडिलांना सगळं कळत होतं, पण चांगलं स्थळ दारातून परत पाठवायची त्यांची छाती होईना.

बघायला मुलगा, त्याची आई आणि थोरले चुलते आले. मुलाचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून घरचा सगळा कारभार चुलत्यांकडे. सगळे उठून उभे राहीपर्यंत ते दारातच थांबले. बसल्यावर घसा खाकरला, खिशातलं घड्याळ काढलं आणि आमच्या भिंतीवर घड्याळ असताना आम्हाला किती वाजले ते सांगितलं. मग म्हणाले, "सोलापूरचं ऊन आज बेताचंच आहे. बरं झालं, मी आजच निघालो." पाणी प्यायले तेही आमच्या आडावर उपकार करावेत तसे.

मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हा माणूस मी वाचला होता! ते खाकरणं, ते घड्याळ, सगळं. ज्याने बार्शीचं नावही ऐकलं नसेल, जो माझ्या आजीच्या जन्माआधीच मेला असेल, अशा परमुलखातल्या कुणीतरी यांना जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. खरं तर हसू यायला हवं होतं, पण मला देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. माणूस इथून तिथून सारखाच, हे तोवर मी नुसतं ऐकत आले होते. वडिलांकडे पाहिलं, तर तेही माझ्याकडेच बघत होते.

"मुलगी इंग्रजी शिकते म्हणे. वाचून दाखव," चुलते म्हणाले. हाताशी तेच पुस्तक होतं, आणि पेन्सिलीमुळे ते उघडलंही त्याच पानावर. मी वाचलं. "उच्चार बरे आहेत," त्यांनी शेरा दिला आणि मुलाच्या आईकडे हात केला. "आता आमच्या धाकट्या भावाच्या मंडळींना मराठीत सांग. त्यांना इंग्रजी कळत नाही."

स्थळ मोडलं तर परीक्षा वाचत होती, पण चारचौघांत वडिलांची मान खाली गेली असती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "जे लिहिलंय ते सांग."

"एक गृहस्थ आले," मी सांगू लागले. "सगळे उठेपर्यंत ते बसले नाहीत. भिंतीवर घड्याळ होतं, तरी त्यांनी घरच्यांना वेळ सांगितली. पाऊस थांबला, तेव्हा जणू आपणच त्याला थांबायची परवानगी दिली, अशा चेहऱ्याने त्यांनी बाहेर पाहिलं."

नवरामुलगा पोह्यांतले शेंगदाणे शोधत बसला. चुलत्यांनी गंभीरपणे मान हलवली. "अशी माणसं असतात. बार्शीत तर फार. मी त्यांना थारा देत नाही."

तेवढ्यात मुलाच्या आईच्या पदराआडून आवाज आला. थोरल्या दिरासमोर मान खाली घालून बसलेली ती बाई हसत होती की रडत होती, मला कळेना. तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, "आसल्या मानसाला इंग्रजीत काय म्हनत्यात गं?"

"पॉम्पस."

तिने तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. मग दिराकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पोरगी परीक्षा दील. लगीन मागनं."

चुलते खाकरले. मग माझ्या वडिलांना म्हणाले, "हेच मी सांगणार होतो."

निघताना मी तिच्या पाया पडले तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. "लगीन हून आले तवापास्नं वाटायचं, हे मलाच खुपतंय. माझंच मन वंगाळ. देवापुढं नाक घासलं म्या त्याच्यापायी. आन् तितं सातासमुद्रापल्याड कुणी लिवून ठिवलंय की!" तिचे डोळे विस्फारले होते, माझेही तसेच झाले असणार. पुस्तकं कशासाठी असतात हे मला पुढे कुणी इतकं नीट सांगितलं नाही.

"त्या मानसाच्या घरात बाई हाय का कुणी?" तिने हळूच विचारलं.

"आहे. एक भावजय आहे."

"मग? तिचं फुडं काय झालं?"

मी तिथवर वाचलं नव्हतं. तसं सांगितलं.

बाहेरून दिरांनी हाक मारली. तिने पदर पुढे ओढला, पण मनगट सोडलं नाही. "आता येळ हाय तुला," ती म्हणाली. "वाच. आन् मग मला सांगाया ये."